दोन्ही कान दिसू द्या

१२ मार्च

प्रिय वहिनी,

सोबतच्या खोक्यात कॅमेरा आहे. खोक्यावर तीन बाजूंनी 'नाजूक वस्तू' असं लिहिलंय. चौथ्या बाजूवर पोस्टवाल्यांनी आपटला असेल तर माझा नाइलाज आहे. दादाच्या हातात देऊ नकोस, तो आधी स्क्रू कुठे आहेत ते बघेल. बाबांच्याही हातात देऊ नकोस. ते उलटसुलट करून 'प्लास्टिक' एवढंच म्हणतील आणि तुझा सगळा उत्साह मावळेल. कॅमेरा तुझ्यासाठी आहे, आणि त्यात माझा स्वार्थ आहे.

इथे बोगद्याच्या कामावर फोनला रेंज यायची तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं. बोललेलं अर्धं वाऱ्यावर जातं, आणि तुम्ही पाठवलेले फोटो उघडतच नाहीत, नुसतं चाक गरगरत बसतं. त्यामुळे भाजीच्या गाडीबरोबर येणारं टपाल हाच आमचा आधार. तर मला छापलेले फोटो हवेत, पाकिटात घालून.

माझ्या खोलीत बाबांचा एकच फोटो आहे, त्यांच्या ओळखपत्रातला, मोठा करून घेतलेला. परवा आमचा ड्रिलवाला पंखा बघायला आला होता. तो त्या फोटोपुढे जरा वेळ उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, हे कोण? आणि यांनी काय केलं होतं?"

आता त्या बिचाऱ्याला काय सांगू? ज्यांचा जन्म लोकांचे पासपोर्टचे फोटो काढण्यात गेला, त्यांचा स्वतःचा चेहरा कॅमेऱ्यापुढे तसाच होणार. हनुवटी खाली, दोन्ही कान दिसू द्या, तोंड मिटा. मी निघाले तेव्हा बसथांब्यावरसुद्धा तसेच उभे होते. तुम्ही सगळे हात हलवत होतात, आई डोळे पुसत होती, आणि बाबा ओळखपत्र. मी स्टुडिओ चालवावा अशी त्यांची इच्छा होती, ते तुलाही ठाऊक आहे. मी बोगदा पत्करला आणि थोड्याच दिवसांत त्यांनी स्टुडिओचं शटर कायमचं ओढलं. ते माझ्यावर रागावलेत की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. टाकीवर चढून विचारलं तर म्हणतात, "जेवलीस का?"

म्हणून वहिनी, मला हसणाऱ्या बाबांचा एक फोटो काढून दे. हसतात ते, मी पाहिलंय. तुझ्या छोटीला सुट्टी लागली की तुम्ही थीम पार्कला जाणार आहात ना? तिथे तरी हसतील. तेवढा एक फोटो भिंतीवर लागला तर मला इथे बरं वाटेल, खरंच.

आदल्या दिवशी बॅटरी चार्ज कर. पट्टा गळ्यात घाल. आणि माझ्या पुढच्या दातांतल्या फटीबद्दल तू दर पत्रात जे विचारतेस त्याचं उत्तर अजून तेच आहे. भरायची नाही. मला ती आवडते.

तुझी,
नणंद


२४ मार्च

प्रिय नणंदबाई,

कॅमेरा सुखरूप पोचला. घरात आनंद फक्त मला झाला. तुझ्या दादाने खरोखरच स्क्रू शोधले. बाबांनी लांबूनच बघितलं आणि 'प्लास्टिक' म्हणाले. तू त्यांचीच मुलगी, यात काही शंका नाही.

रविवारी सगळ्यांना गच्चीवर उभं केलं. "हलू नका," म्हटलं, बटण दाबलं, काही होईना, पुन्हा दाबलं, पुन्हा "हलू नका" म्हटलं. नंतर कळलं की मी व्हिडिओ काढत होते. तो आता घरात सगळ्यांचा आवडता व्हिडिओ आहे. पाच माणसं पुतळ्यासारखी उभी आणि मागून माझा आवाज, "निघत का नाही मेला फोटो!" छोटी तो पाहुण्यांना दाखवते. पाच कशी म्हणशील, तर शेजारच्या आजी वाळवलेले कपडे न्यायला आल्या होत्या, त्याही घाबरून रांगेत उभ्या राहिल्या.

मग खरे फोटो काढले. अगं, तुमच्या घराला झालंय काय? कॅमेरा वर केला की सगळ्यांचे चेहरे एकदम सरकारी होतात. तुझा दादा हनुवटी खाली घेतो. आई पदर सारखा करून तोंड मिटतात. छोटीला कुणी शिकवलेलं नाही, तरी ती केस कानांमागे सारते. मी म्हटलं, "हसा की जरा." तर बाबा म्हणाले, "हसलं की फोटो नाकारतात." मी विचारलं, "कोण नाकारतं बाबा? मीच काढतेय, मीच बघणार." त्यावर त्यांनी हनुवटी आणखी जरा खाली घेतली.

माझं नशीब बघ. दिवसभर दवाखान्यात मी लोकांना 'आ करा' म्हणते, आणि घरी अशा माणसाची सून आहे की ज्याने आयुष्यभर लोकांना 'तोंड मिटा' सांगितलं. लग्न होऊन आल्यापासून बाबांनी मला एकदाही दात दाखवलेले नाहीत. दाढ दुखली तर पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे जातात, आणि एरवी सगळं त्या झुपकेदार मिशीच्या आड. तू म्हणतेस हसतात. कधी, कुठे, कुणापुढे? जरा कळव, म्हणजे तसा बंदोबस्त करता येईल.

पण काळजी करू नकोस. मी हट्टाला पेटलेय. तुझं पत्र कॅमेऱ्याच्या पिशवीतच ठेवलंय, तुझ्या सूचना वेळेला हाताशी हव्यात.

तुझी,
वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

भाजीची गाडी निघतेय, म्हणून घाईत लिहितेय. चोरून काढ. 'हसा' म्हणू नकोस, कॅमेरा आहे हे कळूच देऊ नकोस. पाण्याच्या राइडवर कॅमेरा नेऊ नकोस, भिजला तर संपला. बाबा पाण्यात उतरायचे नाहीत, त्यांच्याकडे पिशवी दे आणि निश्चिंत जा.

कधी हसतात ते पुढच्या पत्रात लिहिते. गाडीवाला हॉर्न वाजवतोय, आणि त्याच्याशी भांडण झालं तर आठवडाभर नुसते बटाटे येतात.

तुझी,
नणंद


१९ एप्रिल

प्रिय नणंदबाई,

मी हरले. आधीच सांगून टाकते, म्हणजे तू आशेने पुढे वाचणार नाहीस.

सकाळी फाटकाशी पहिला धडा. पार्कच्या मोठ्या कमानीखाली सगळ्यांना उभं केलं, मागे झकास ऊन. फोटोत कमान सुरेख आणि खाली पाच काळ्या आकृत्या. पाच कारण तिकीटवालाही मध्ये आला. मग उन्हाकडे पाठ करून मी उभी राहिले, तर ऊन त्यांच्या डोळ्यांत. त्या फोटोत सगळे असे दिसतात की जणू मी त्यांना कडू औषध पाजलंय. पुढे कळलं की सावलीत उभं करायचं. हे आपल्याला आधी कोणी का सांगत नाही?

लाकडी घोड्यांच्या चक्रावर छोटी बसली. प्रत्येक फेरीला मी बटण दाबलं. माझ्याकडे आता घोड्याच्या शेपटीचे पुष्कळ फोटो आहेत. एका फोटोत मधला खांब इतका स्वच्छ आलाय की त्याच्यावरचे पोपडे मोजता येतील, आणि छोटी म्हणजे नुसता गुलाबी फराटा.

मग तुझ्या सल्ल्याने चोरून काढायला गेले. बाबा बाकावर बसून लोकांकडे बघत होते, चेहरा जरा सैल पडला होता. मी पॉपकॉर्नच्या गाडीमागे दबा धरून बसले. कॅमेरा वर केला, नेम धरला, आणि कॅमेरा 'टिट' असा बोलला. तेवढ्या गोंगाटात त्यांना ते कसं ऐकू गेलं देव जाणे. मान वळली, हनुवटी खाली, तोंड बंद. तो फोटो सोबत आहे. उद्या कुठल्याही कचेरीत चालेल. वर पॉपकॉर्नवाल्याने मला विचारलं, "ताई, तुम्ही त्या काकांच्या मागावर आहात का?"

नंतर एक माणसाएवढा मऊ ससा आला, पार्कचाच, आत माणूस असतो ना, तसला. मी म्हटलं, आता तरी. ससा बाबांच्या खांद्यावर हात टाकून नाचायला लागला. बाबा त्याला म्हणाले, "सरळ उभे राहा. समोर बघा." आणि तो ससा गं, खरंच सरळ उभा राहिला. फोटो क्रमांक सहा. सशाचे दोन्ही कान छान दिसतायत. बाबांनी तेवढ्याच एका फोटोला 'ठीक' म्हटलं.

शेवटची आशा रोलर कोस्टर. तिथे उतारावर त्यांचा आपोआप चालणारा कॅमेरा आहे, खाली आल्यावर फोटो मिळतो. बाबांना गळ घालून बसवलं. फोटो बघ. तुझ्या दादाचा जबडा असा उघडलाय की मला त्याची अक्कलदाढ तपासता आली. मी डोळे मिटून किंचाळतेय. छोटीचे दोन्ही हात हवेत. आणि मधोमध बाबा, बिनचूक. उतरल्यावर म्हणाले, "कॅमेरा डाव्या खांबावर होता. वर जातानाच दिसला."

दुपारी पाण्याकडे गेलो. आत शिरणाऱ्या प्रत्येकाला पार्कवाले टोपीचा पिवळा रेनकोट देतात, कोरडं राहायचं असलं तरी. पिशवी बाबांकडे दिली आणि आम्ही तिघं घसरगुंडीकडे गेलो. तासाभराने ओल्या कपड्यांत पाय वाकडे करत बाहेर आलो तर बाबा आणि आई आरसेघराच्या दाराशी उभे. त्यानंतर मी भूतबंगल्यातले जे फोटो काढले ते सगळे काळेकुट्ट. कॅमेऱ्याचा फ्लॅश कुणीतरी बंद केला होता. तुझ्या दादाला झापलं, तो म्हणतो, मी हात लावला नाही. त्याचं नेहमीचंच.

आरसेघरातला एक फोटोही कॅमेऱ्यात निघाला, तोही त्याचाच प्रताप असणार. बिचाऱ्या आईंना एका कडेला ढकललंय, आणि मधोमध वाकड्या आरशात कुणी परका गृहस्थ पिवळ्या रेनकोटात, पिंपासारखा फुगलेला, दात काढून हसतोय. त्यालाही नेमकं तेव्हाच यायचं होतं. टाकून देणार होते, पण आई त्यात गोड दिसतायत म्हणून पाठवते.

सगळे फोटो छापून घातलेत (एकेक प्रत इथेही ठेवलीय), बिघडलेलेसुद्धा, निदान मला हसशील. येताना बाबांनी पिशवी माझ्याकडे दिली नाही, घरापर्यंत मांडीवर धरून बसले होते. दमले असतील. मला फार वाईट वाटतंय गं. एवढा एकच फोटो मागितलास आणि तोही जमला नाही.

तुझी,
वहिनी


३ मे

वहिनी,

तू दंतवैद्य आहेस ना? पदवी भिंतीवर लावलीयेस ना? मग आरसेघराचा फोटो घे, खिडकीशी जा, आणि त्या परक्या गृहस्थाच्या पुढच्या दोन दातांकडे बघ. मध्ये फट आहे. ती फट तू माझ्या तोंडात भरायला निघाली होतीस. मला ती कुठून आली असेल, असं तुला वाटलं?

अगं, ते बाबा आहेत.

टोपीने कान झाकलेत म्हणून तू ओळखलं नाहीस. खरं म्हणजे तुझं काही चुकलं नाही, कान नसलेले बाबा आपण कोणीच पाहिले नव्हते. पिंपासारख्या पोटावर बघ, रेनकोटातून एक काळं गोल बाहेर आलंय. ती कॅमेऱ्याची काच. फोटो दादाने नाही काढला. ज्याने काढला तोच आरशात आहे.

मी पाकीट गाडीतच फोडलं होतं. शेपट्या बघून हसले, ससा बघून इतकी हसले की गाडीवाल्याने वळून बघितलं. आणि मग हा फोटो आला आणि मी रडायला लागले. गाडीवाल्याने मला एक टोमॅटो दिला. त्याला दुसरं काही सुचलं नसावं.

तू विचारलं होतंस, कधी हसतात. स्टुडिओत, तान्ह्या बाळांचे फोटो काढताना. बाळाला 'तोंड मिटा' सांगून उपयोग नसतो. मी शाळेतून आल्यावर बाळामागे पांढरी चादर धरून उभी राहायचे, म्हणून मला दिसायचं. बाबा कॅमेऱ्यातून कधीच बघायचे नाहीत. कॅमेरा तिकाटण्यावर, आणि हे त्याच्या शेजारी, हातात वायरचं बटण. बघायचे समोरच्या माणसाकडे. बाळ त्यांच्याकडे बघेपर्यंत ते असे हसायचे, मिशी वर जाऊन फट दिसेपर्यंत. बाळ स्थिर झालं की टक्. आणि पुढचं गिऱ्हाईक आलं की पुन्हा सरकारी. या कॅमेऱ्यालाही त्यांनी डोळा लावलेला नाही, पोटाशी धरलाय. म्हणून चेहरा मोकळा सापडला.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. आपण आरशात आलोय हे त्यांना कळलेलं नसणार, कळलं तर फोटो फाडायला सांगतील. हसू चुकून सापडलंय, माझ्यासाठी नव्हतं, हे मला समजतं. माझ्यावरचा राग गेला की नाही, ते काही त्यात लिहिलेलं नाही. तरी चालेल. ओळखपत्र उतरवून हा लावलाय.

तुझी,
नणंद


१५ मे

प्रिय नणंदबाई,

पदवी भिंतीवरून काढून ठेवलीय. भिंग घेऊन बघितलं. बाबाच. माझ्यासारखी दंतवैद्य घरात असताना शत्रूची गरज नाही.

आईंना स्वयंपाकघरात गाठून विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "ह्यांनीच काढला. मला किती आरशांपुढे उभं केलं. इथे नको, इथे नको, इथे थांब." मी म्हटलं, आई, हे आधी का नाही सांगितलंत? तर म्हणाल्या, "तू विचारलंस कुठे? तू तर तुझ्या नवऱ्याला झापत होतीस." त्याची मी माफी मागितली. तो ती अजून वसूल करतोय.

बाबांना मी चकार शब्द बोललेले नाही. पण एक सांगते. पिशवीतून तुझं पहिलं पत्र काढलं तर त्याची घडी वेगळी होती. मी कशीबशी दुमडते. ही कडेला कड जुळवून, चौकोनी, पासपोर्टच्या फोटोसारखी.

या पाकिटात दुसरं एक पाकीट आहे. बाबांनी काल माझ्याकडे आणून दिलं, स्वतः चिकटवून. मी वाचलेलं नाही. उजेडासमोर धरलं होतं, पण कागद जाड आहे.

तुझी,
वहिनी


१४ मे

चि. मदतनीस,

अनेक आशीर्वाद. मला पत्र लिहायची सवय नाही. जमेल तसं लिहितो.

तुझं वहिनीला लिहिलेलं पत्र मी वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला कळतं. ही मंडळी पाण्यात गेली तेव्हा कॅमेरा उन्हात तापू नये म्हणून पिशवीत ठेवत होतो. वरच 'बाबा' असं दिसलं. मग वाचलं.

कॅमेरा बरा आहे. प्लास्टिक आहे, पण बरा आहे. सूनबाई मेहनती आहे. तिचं चुकतं एवढंच की ती 'हसा' म्हणते. तसं म्हटल्यावर माणूस हसत नाही, आपण आधी हसावं लागतं. हे तिला तू सांग. मी सांगितलं तर ती मला खुर्चीत बसवून दात तपासेल.

दुसऱ्याच्या हातात कॅमेरा असला की माझं तोंड आपोआप मिटतं. याला माझा इलाज नाही. म्हणून तुला हवा तो फोटो मलाच काढायला लागणार होता. आरसेघरात शिरलो. सरळ आरसा होता, पण त्यात बघितलं तरी तोंड मिटतं. मग वाकडे पाहिले. एकात मी पिंप झालो. तुझी आई म्हणाली, "अहो, तेव्हा असे दिसला असतात तर मी नाहीच म्हटलं असतं." मला हसू आलं. तेव्हा बटण दाबलं. हसू ठरवलेलं नव्हतं, बाकी सगळं ठरवलेलं होतं. तुझी आई कडेला आहे, कारण तुला फोटो माझा पाहिजे होता. फ्लॅश मी बंद केला, आरशात चमक येते. पुन्हा चालू करायचा राहिला. सूनबाईने त्याबद्दल मुलाला उगाच बोलून घेतलं, पण तेव्हा मध्ये पडलो असतो तर सगळंच सांगावं लागलं असतं.

स्टुडिओचं शटर गुडघ्यांनी ओढायला लावलं, तू नाही. तू असतीस तर मला बरं वाटलं असतं, हेही खरं आहे.

बसथांब्यावर मी रागावलेलो नव्हतो. तोंड उघडलं असतं तर रडलो असतो. तू बसमध्ये चढली नसतीस. म्हणून मिटून घेतलं. आयुष्यभर लोकांना जे सांगितलं ते त्या दिवशी मला उपयोगी पडलं. तुला तो राग वाटेल हे माझ्या ध्यानात आलं नाही. ती चूक माझी.

आता माझं एक काम कर. माझ्याकडे तुझा एकच फोटो आहे, तुझ्या नोकरीच्या अर्जासाठी मीच काढलेला. मी काय केलं होतं असं विचारणाऱ्या त्या ड्रिलवाल्याला सांग, एक फोटो काढ. हेल्मेट काढू नकोस. केस विंचरू नकोस. हनुवटी कुठेही असू दे. कान दिसले नाहीत तरी चालेल.

फट दिसली पाहिजे.

तुझे,
बाबा